वरच्या मजल्यापर्यंत नेट

सिस्टरांच्या घरी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. दारातच माझं मनगट धरलं. मी कोल्हापूरकडची, बदलीनं वाशिमला आलेली. मला वाटलं, वऱ्हाडात पाहुण्याला असंच आत घेत असतील. मनगटावर बोटं ठेवून त्या पदराला उलटं टाचलेलं घड्याळ बघत उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "रूम भेटन. पण पह्यले आत या अन् दोन घास खा. सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या."

खरंच नव्हतं.

त्यांना सगळी गल्ली सिस्टर म्हणायची. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी पांढरी साडी सुटली नव्हती. सगळी नोकरी खेड्यांत गेली. आधी आसेगावकडे, मग केनवडला. पोहरादेवीची यात्रा आली की दरसाल त्यांची ड्यूटी तिथं ठरलेली. यजमान घराचा पाया भरला त्याच वर्षी गेले. त्या पायावरचे तिन्ही मजले सिस्टरांनी एकटीनं चढवले. घर अरुंद आणि उंच, उभ्या ठेवलेल्या काडेपेटीसारखं. खाली त्या राहायच्या, मधला मजला भाड्यानं, आणि सगळ्यात वरचा मुलासाठी. एकुलता एक मुलगा. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. "त्याचं लग्न झालं का येईन," असं त्या दर महिन्याला वरचा मजला झाडून घेताना म्हणत.

नाडी बघण्याची सवय त्यांना कुठंही आवरायची नाही. दूधवाला, मत मागायला आलेला उमेदवार, लग्नाची पत्रिका द्यायला आलेली माणसं, सगळ्यांचं मनगट आधी त्यांच्या हातात जायचं आणि मग बोलणं सुरू व्हायचं. बोलता बोलता मधेच म्हणायच्या, "हे तुमी खोटं बोलून राह्यले." बऱ्याचदा ते खरं निघायचं. माणसं चिडायची आणि पुन्हा यायची.

दुसरी खोड एक्स्पायरीची. घरातल्या प्रत्येक वस्तूवर काळ्या मार्करनं ती कधी बाद होणार ते लिहिलेलं असे. लोणच्याच्या बरणीवर ठीक आहे, पण केरसुणीवर? पायपुसण्यावर? मी राहायला गेले त्याच आठवड्यात माझ्या बादलीच्या बुडावरही त्यांनी महिना आणि साल लिहून टाकलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "पाहून ठेवा. तवापर्यंत कडी तुटते का नाही." कडी तुटली.

आणि रस्त्यानं त्यांच्याबरोबर चालणं ही एक शिक्षाच होती. मिशा फुटलेल्या, पोट सुटलेल्या पुरुषांना त्या भर बाजारात थांबवत. "तुले गोवरचं इंजेक्शन मीच देलं होतं. माह्या पोटात लाथ मारली होती तू." तो बिचारा मोटारसायकलवरून उतरून पाया पडायचा.

त्यांच्या बैठकीत सकाळ-संध्याकाळ गल्लीतली माणसं बाह्या सारून बसलेली असत. बीपी बघायचं, साखर बघायची, कुणाची पट्टी बदलायची. फुकट. याच बैठकीत भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि लोखंडी कपाटावर वायफायचा राऊटर. तो त्यांनी मुलाच्या आग्रहानं घेतला होता, रविवारी व्हिडिओवर बोलण्यापुरता. त्याचं नेट खालच्या मजल्यावर उत्तम, माझ्याकडे जिन्याजवळ उभं राहिलं तर जेमतेम आणि वरच्या मजल्यावर शून्य. मधे दोन जाड स्लॅब होते. मोबाईलला त्या गल्लीत तशीही रेंज मरतुकडीच.

दिवाळीनंतर मुलगा अचानक घरी आला. तिशीचा, शांत, आईसारखाच उंच. म्हणाला, कंपनीनं घरून काम करायला सांगितलंय. सिस्टर दोन दिवस हवेत होत्या. पुरणपोळ्या झाल्या, मला वर ताट आलं. वरच्या मजल्यावर त्याची गादी पडली. पण वर नेट नाही. म्हणून तो दिवसभर खाली बैठकीत, लॅपटॉप मांडीवर घेऊन, बीपीवाल्यांच्या रांगेत बसायचा.

लोकांना विषय मिळाला. गल्लीतले एक निवृत्त तलाठी रोज यायचे. ते दंड पुढं करत आणि विचारत, "काय इंजिनियर साहेब, कंपनीनं घरीच पाठवलं काय?" आणि स्वतःच हसत. मुलगाही हसायचा.

एकदा मी डबा परत द्यायला खाली गेले होते. तलाठ्यांनी तेच विचारलं. त्या दिवशी मुलानं हसण्यावारी नेलं नाही. घाईघाईनं कानाला हेडफोन लावला आणि लॅपटॉपकडे बघून इंग्रजीत बोलायला लागला. येस सर, येस, आय विल सेंड. मी कपाटाशेजारी उभी होते. कपाटाच्या दाराला आरसा होता, त्यात त्याच्या लॅपटॉपचा पडदा दिसत होता. त्यावर डोंगराचं एक चित्र होतं, बाकी काही नव्हतं. समोर कोणी माणूस नव्हता.

सिस्टर तलाठ्यांच्या दंडाला पट्टा बांधून फुगा दाबत होत्या. त्यांचीही नजर त्या आरशावर गेली. त्या फुगा दाबतच राहिल्या, दाबतच राहिल्या, शेवटी तलाठी ओरडले, "अवो सिस्टर, हात तोडता काय!"

"माय, जास्त फुगलं वाट्टे," सिस्टर म्हणाल्या आणि हवा सोडली.

त्याच संध्याकाळी त्या माझ्याकडे वर आल्या. मुलगा बाहेर गेला होता. त्या पलंगाच्या काठावर बसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, वरच्या मजल्यावर नेट न्या लागते. तुमाले समजते त्यातलं."

मला थोडंफार समजत होतं. मी म्हटलं, सोपं आहे, खालचा राऊटर माझ्या मजल्यावर ठेवू. मधे ठेवला की वर-खाली दोन्हीकडे थोडं थोडं जाईल.

"थोडं थोडं नोको. वरच्या मागच्या खोलीत, दार लावून बसला तरी पाह्यजे."

"मग दुसरा राऊटर लागेल. खालून वरपर्यंत वायर न्यावी लागेल. पण एवढी घाई काय आहे सिस्टर? परत पुण्याला बोलावतील त्यांना."

त्यांनी माझा हात धरला. या वेळी बोटं नाडीवर नव्हती, नुसता हात धरला होता.

"त्याले कोनी बोलावणार नाही. त्याची नोकरी गेली."

"त्यांनी सांगितलं?"

"नाही. आल्या दिवशी मी हात पाह्यला त्याचा. नाडी अशी पळत होती, जसं काही चोरून आणलं. म्हणे, प्रवासानं. मी म्हटलं, हो बापा, प्रवासानंच असन."

मग त्यांनी मला केनवडची एक गोष्ट सांगितली. यापूर्वी ती त्यांनी कोणाला सांगितली असेल असं वाटत नाही. एक शिकलेला पोरगा होता. घरी सांगून बसला होता की भरतीत नंबर लागला. आईच्या गोळ्या न्यायला उपकेंद्रात आला, सिस्टरांशी हसून बोलला, गोळ्या घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी त्याला खाटेवर घालून आणलं. फवारणीचं औषध प्याला होता. नंबर लागलाच नव्हता, आणि गावानं पेढे मागितले होते.

"तवा मी कोनाची नाडी पाहत नव्हती कामाबिगर," सिस्टर म्हणाल्या. "त्या दिवशी त्याचा हात धरला असता तं मले समजलं असतं. तवापासून मी कोनाले सोडत नाही. लोक म्हणतात, सिस्टरले येड लागलं."

मी म्हटलं, "मग तुम्ही विचारा ना त्यांना. सरळ जवळ बसवून विचारा."

"काय इचारू? तो हो म्हणन, अन् मंग माह्या डोळ्यात पाहू शकणार नाही. त्याले जवा सांगावं वाटन तवा सांगन. तवापर्यंत त्याले एक दार पाह्यजे. त्या तलाठ्यासमोर किती दिवस नाटक करन माहं लेकरू?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "दार पाह्यजे, पण कडी नोको. आतली कडी काढून घेतली मी आज. गंजली होती म्हणून सांगतलं. अन् मॅडम, मले मालूम हाये हे त्याले कधी सांगू नोका. कधीच नाही."

मी शब्द दिला.

पुढच्या सुट्टीला आम्ही कामाला लागलो. मुलाला त्यांनी मुद्दाम मंगरूळपीरला मावशीकडे पाठवलं. बसस्टँडजवळच्या दुकानातून मी साधा राऊटर आणि केबल आणली. सिस्टरांनी केबल हातात घेतली आणि सलाईनची नळी सोडवावी तशी वेटोळं वेटोळं सोडवत जिना चढल्या. कुठं पीळ पडला की थांबायच्या, हातानं सरळ करायच्या. "पीळ पडला का पुढं जात नाही." मी सांगून पाहिलं, यात पाणी नाही, पिळानं एवढं बिघडत नाही. त्यांनी ऐकलं नाही. भिंतीला खिळे मारायचे नव्हते, म्हणून त्यांनी जखमेला लावायची पांढरी चिकटपट्टी आणली आणि तळापासून वरपर्यंत सगळी केबल तिनं चिकटवली.

पहिल्यांदा जोडलं तेव्हा सगळ्या घराचं नेट बंद पडलं. खालचंही गेलं. मी गच्चीच्या कोपऱ्यात रेंज पकडून मोबाईलवर वाचून वाचून शोधलं, तेव्हा चूक कळली. दोन्ही राऊटरांचा पत्ता एकच होता, आणि दोघंही घरातल्या फोनना नंबर वाटायला बसले होते. सिस्टरांना मी हे समजावलं.

"म्हंजे घरात दोन मालक झाले," त्या म्हणाल्या. "वरच्याले सांगा, तू नुसतं वाढ. कोनाले काय द्याचं ते खालचा पाहीन."

मी नेमकं तेच केलं. वरच्याचा पत्ता बदलला, त्याचं नंबर वाटणं बंद केलं, नाव आणि पासवर्ड मात्र खालचाच ठेवला, म्हणजे वर-खाली जाताना फोनला काही वेगळं करावं लागू नये. सिस्टर मागच्या खोलीत दार लावून उभ्या राहिल्या आणि मी जिन्यातून त्यांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांचा चेहरा एकदम स्वच्छ आला, कपाळावरच्या घामासकट.  त्या रिकाम्या खोलीभर फोन फिरवून मला दाखवत राहिल्या. खिडकी, गादी, टेबल. मग त्या राऊटरवर मार्करनं काहीतरी लिहायला लागल्या, आणि थांबल्या. मार्करला टोपण लावलं. घरातली एक्स्पायरी नसलेली ती पहिली वस्तू.

मुलगा परतला तेव्हा त्या म्हणाल्या, "मॅडमले वर नेट पाह्यजे होतं, तुह्या खोलीतबी येते आता. तिथी बस. इथी लोक लय कल्ला करतात."

त्या दिवसापासून त्याचं दार लागलं, आणि सिस्टरांनी गल्लीचं तोंड बंद केलं. भाजीवाली ओरडली की बाहेर येऊन म्हणायच्या, "हळू वो, वर मीटिंग चालू हाये." तलाठ्यांना तर त्यांनी सांगितलं की मुलाच्या मीटिंगला परदेशातली माणसं असतात. पोरं क्रिकेट खेळायची तर त्यांची खेळायची जागा पार पलीकडच्या गल्लीत नेऊन ठेवली. मी मधल्या मजल्यावर राहायची. मला ठाऊक होतं की वर कुणाचा आवाज येत नाही. कित्येक दिवस खुर्ची सरकल्याचाही आवाज येत नव्हता. जेवणाचं ताट खाली यायचं ते निम्मं तसंच. सिस्टर ते बघायच्या आणि दुसऱ्या दिवशी काहीतरी वेगळं करायच्या.

उन्हाळ्याच्या तोंडाला वरून थोडे थोडे आवाज यायला लागले. कोणीतरी शिकवतंय, हा प्रश्न विचारतोय, असे. तो काही नवीन शिकत होता. एकदा जिन्यात भेटला तर दाढी केलेली होती. सिस्टर मला फक्त एवढंच म्हणाल्या, "काल पोळी पुरी खाल्ली."

मग ती लग्नसराईतली दुपार. मुलगा जेवून, इस्त्रीचा शर्ट घालून वर गेला. खाली पायजमाच होता. सिस्टरांनी ते पाहिलं आणि त्यांना कळलं, आज व्हिडिओवर मुलाखत आहे. आणि नेमकी त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी वरात आली. ट्रकवर डीजे, माणसाच्या उंचीचे भोंगे. माझ्या खिडकीची तावदानं वाजायला लागली.

मी गॅलरीत आले तर सिस्टर अनवाणी रस्त्यात उतरलेल्या. ट्रकच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, दोन्ही हात पसरून. नाचणारी पोरं त्यांच्या अंगावर यायला लागली. नवरदेवाचा काका भांडायला पुढं झाला. सिस्टरांनी सवयीनं त्याचं मनगट धरलं, पण नाडी बघितली नाही. हात जोडल्यासारखा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, "भाऊ, वर माहं पेशंट हाये. सीरियस हाये. माह्या घरापुरतं बंद ठेवा. पाया पडतो तुमच्या."

आणि खरंच त्या वाकल्या. ज्यांच्या पाया निम्मं वाशिम पडायचं त्या बाई त्या अनोळखी माणसाच्या पायाशी वाकल्या. डीजे बंद झाला. वरात आमच्या घरासमोरून मुकी गेली. घोड्याच्या टापा तेवढ्या वाजत होत्या.

काही दिवसांनी मुलगा खाली आला. मी बैठकीतच होते, बीपी बघून घेत होते.

"आई, मी कंपनी बदलून राह्यलो," तो म्हणाला. "हैदराबादची हाये. पुढच्या महिन्यात जा लागन."

"बरं केलं," सिस्टर माझ्या दंडाचा पट्टा सोडत म्हणाल्या. "त्या जुन्या कंपनीत लय त्रास देत तुले. मीटिंगा अन् मीटिंगा."

तो त्यांच्याकडे बघत उभा राहिला. एक क्षण मला वाटलं, आता सांगेल. त्यालाही तसंच वाटलं असावं. पण सिस्टर उठल्या आणि "डब्यात काय देऊ" म्हणत आत गेल्या. आत जाऊन त्यांनी नळ सोडला आणि बराच वेळ चालू ठेवला.

तो गेल्यावर त्या खचल्याच. जिना चढताना मधे थांबायला लागल्या. एकदा स्वतःचंच मनगट धरून बसलेल्या मला दिसल्या. म्हणाल्या, "बराबर नाही चालून राह्यली. मधेच एक ठोका गायब होते." मी त्यांना अकोल्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. छातीत यंत्र बसवायला सांगितलं त्यांनी, लवकर. सिस्टर परत येताना गाडीत म्हणाल्या, "दिवाळीले बाबू येईन तवा पाहू. त्याची नोकरी नवीन हाये. आता सुट्टी घेतली तं काय म्हणतीन?"

"मी फोन करते त्यांना."

"तुमी नाही करणार," त्या म्हणाल्या. "मी पाहीन."

पण त्यांनी पाहिलं नाही. मीच शेवटी न राहवून फोन केला, पण तो त्या दिवशी केला ज्या दिवशी त्या बैठकीत कोसळल्या. सरकारी दवाखान्यात त्यांना सगळे ओळखत होते. धावपळीत कसर झाली नाही. मुलगा अजून गाडीत होता, तेव्हाच सकाळी त्या गेल्या.

जलदान विधीला गल्लीत माणसं मावेनात. आसेगावची, केनवडची माणसं टेम्पो करून आली होती. सगळी पांढऱ्या कपड्यांत, आणि प्रत्येकाजवळ सिस्टरांची एक गोष्ट. पाहुणे गेल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा माझ्या दाराशी आला. आत ये म्हटलं तर नको म्हणाला, तिथंच जिन्यात बसला. मी उंबऱ्यावर बसले.

"एक गोष्ट बरी झाली ताई," तो म्हणाला. "आईले शेवटपर्यंत समजलं नाही."

"काय?"

"दिवाळीनंतर आलो तवा माही नोकरी गेलती. वर बसून मी काही काम नव्हतो करत. पह्यले दोन महिने तं नुसता भिंतीले पाहत होतो." तो थांबला. वर गच्चीच्या दाराकडे त्याची नजर गेली. "कायबाय मनात येत जाय. मंग तिचा आवाज ये, हळू वो, मीटिंग चालू हाये. तो आवाज आला का वाटे, हिले काय तोंड दाखवू अन् हिले सोडून जाऊ तरी कसा."

मी आतून पाण्याचा तांब्या आणून त्याच्याजवळ ठेवला.

"नाही समजलं ते बरंच झालं. ती मोडून गेली असती. पण आता वाटते, एक बार तरी सांगाले पाह्यजे होतं. एक बार तिच्याजवळ बसून रडलो असतो."

मी शब्द दिलेला होता. तो मी आजवर पाळला होता, आणि अजूनही पाळला असता तर मला कोणी दोष दिला नसता. पण तो गुडघ्यांत डोकं घालून बसला होता, आणि त्याला वाटत होतं की ते सगळे महिने तो वर एकटा होता.

"त्यांना माहीत होतं," मी म्हटलं.

त्यानं डोकं वर केलं. "कधीपासून?"

"तुम्ही आलात त्या दिवसापासून. वर नेट नेलं ते माझ्यासाठी नव्हतं. तुमच्यासाठीच होतं."

तो माझ्याकडे वळला. मग अगदी लहान मुलासारखा म्हणाला, "मंग वर काहून नाही आली? एकदाबी नाही आली."

"यायच्या," मी म्हटलं. "रोज दुपारी. तुम्ही दार लावलंत की निवडायच्या तांदळाचं ताट घेऊन वरच्या जिन्यात बसायच्या. सुट्टीच्या दिवशी मी बघायची. विचारलं तर म्हणायच्या, इथी हवा लागते. या जिन्याला खिडकीसुद्धा नाही. तुमचं दार वाजलं की ताट घेऊन उठायच्या आणि खाली जायच्या."

त्यानं तोंडावर हात ठेवला. खाली कुणीतरी सिस्टरांचं नाव घेऊन दार वाजवत होतं, त्या गेल्याचं ठाऊक नसलेलं कुणीतरी. आम्ही दोघंही उठलो नाही. दार वाजायचं थांबलं.

"कोणत्या पायरीवर?" त्यानं विचारलं.

मी हात करून दाखवली. तो उठला, वर गेला आणि तिथं बसला.